ग्रीक सॅलडमध्ये लेट्यूस असतं का? घरी १५ मिनिटांत होणाऱ्या हिरव्या ग्रीक सॅलडबद्दल सगळं काही

इन्स्टाग्रामवर 'ग्रीक सॅलड' असं शोधलं की साधारण एकच चित्र समोर येतं. काचेचा मोठा बोल, त्यात आइसबर्ग लेट्यूसचे तुकडे, चेरी टोमॅटो, काळ्या ऑलिव्हच्या चकत्या, पांढऱ्या चीझचे चौकोनी तुकडे आणि वरून बाटलीतलं ड्रेसिंग. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास लिहितं की हे ग्रीक सॅलडच नाही, खऱ्या ग्रीक सॅलडमध्ये पानं नसतातच. मग तिथेच वाद रंगतो.

यात दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या बरोबर आहेत. ग्रीसच्या सगळ्यात प्रसिद्ध सॅलडमध्ये लेट्यूस नसतं, हे खरं. पण ग्रीक घरांमध्ये पानांचं हिरवं सॅलडही आवडीने केलं जातं. त्याचं नाव वेगळं, हंगाम वेगळा आणि साहित्य तर फारच थोडं. विशेष म्हणजे त्याला लागणारा शेपू, कांद्याची पात आणि लिंबू आपल्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही मिळतात. ते नेमकं कसं करायचं, कशावर पैसे खर्च करायचे, कशावर नाही आणि कच्ची पानं खाताना कोणती काळजी घ्यायची, ते पाहूया.

एक नाव, दोन सॅलड

जगभर 'ग्रीक सॅलड' म्हणून ओळखलं जातं ते 'होर्यातिकी'. या शब्दाचा अर्थ 'खेड्यातलं'. टोमॅटोच्या मोठ्या फोडी, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वर फेटा चीझची एक अख्खी जाड चकती, त्यावर ओरेगॅनो आणि भरपूर ऑलिव्ह तेल, एवढंच त्यात असतं. हे उन्हाळ्याचं सॅलड आहे. टोमॅटो उन्हात पिकून लालबुंद झाले की ते खायचं. लेट्यूस हे थंडीचं पीक. कडक उन्हाळ्यात त्याला तुरे येतात आणि पानं कडू होतात. त्यामुळे ही दोन्ही एका ताटात येण्याचं फारसं कारणच नव्हतं.

होर्यातिकी फार प्राचीन असेल, असं वाटत असेल तर तसंही नाही. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला आणि ढोबळी मिरचीही तिकडचीच. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांनी आयुष्यात कधी टोमॅटो पाहिला नव्हता.

दुसरं सॅलड म्हणजे 'मारुलोसालाता'. 'मारुली' म्हणजे लेट्यूस, तेही लांब पानांचं, ज्याला आपल्याकडे दुकानांत रोमेन म्हणतात. ते बारीक लांबट चिरायचं, त्यात कांद्याची पात आणि शेपू घालायचा, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू किंवा व्हिनेगर. झालं. हिवाळ्यात आणि वसंत ऋतूत हे सॅलड टेबलावर असतं, ईस्टरच्या जेवणात भाजलेल्या कोकराच्या मटणाबरोबर तर हमखास. हिरवं ग्रीक सॅलड म्हणायचं तर ते हे.

मग रीलमधलं, लेट्यूस आणि टोमॅटो एकत्र असलेलं सॅलड आलं कुठून? ते प्रामुख्याने अमेरिकेतल्या ग्रीक स्थलांतरितांच्या हॉटेलांमधून जगभर पसरलं. लेट्यूस तिथे बारा महिने मिळायचं आणि त्याने प्लेट भरलेली दिसायची. फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्ज या गावात समुद्रातून स्पंज काढणाऱ्या ग्रीक पाणबुड्यांची मोठी वस्ती झाली. त्या भागात तर ग्रीक सॅलडच्या खाली बटाट्याचं सॅलड घालायची पद्धत आहे! म्हणजे लेट्यूस घातलं म्हणून कुणी गुन्हा केला असं होत नाही. फक्त ते ग्रीसच्या खेड्यातलं नाही, एवढंच.

फेटा: कोल्हापुरी नव्हे, तरीही मानाचा

मराठी माणसाला फेटा म्हटलं की लग्नातला आठवतो. चीझच्या 'फेता' या ग्रीक नावाचा अर्थ मात्र 'चकती' किंवा 'काप'. मूळ शब्द इटालियन. पिंपात मुरवण्याआधी या चीझचे मोठे काप केले जातात.

या नावावरून युरोपात मोठी कोर्टबाजी झाली आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये हे नाव फक्त ग्रीसमधल्या ठरावीक भागांसाठी राखून ठेवलं. डेन्मार्क आणि जर्मनी त्याविरुद्ध न्यायालयात गेले, कारण त्यांच्याकडेही या नावाने गाईच्या दुधाचं चीझ बनत होतं. २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०२२ मध्ये याच न्यायालयाने डेन्मार्कला पुन्हा फटकारलं. डेन्मार्कमधल्या कंपन्या युरोपाबाहेर निर्यात करताना हे नाव वापरत होत्या आणि तिथल्या सरकारने ते थांबवलं नव्हतं. नियमानुसार फेटा मेंढीच्या दुधाचा असतो. त्यात शेळीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालतं, गाईचं अजिबात नाही. शिवाय तो खाऱ्या पाण्यात किमान दोन महिने मुरवावा लागतो.

हे सगळे नियम युरोपीय संघाचे. भारतातल्या दुकानांत गाईच्या दुधाचं चीझही 'फेटा' म्हणून विकलेलं दिसतं. ते वाईट असतं असं नाही, चव थोडी सौम्य आणि पोत जास्त मऊ असतो इतकंच. पण आयात केलेल्या ग्रीक फेटाच्या जवळपास किंमत मोजत असाल, तर मागचं लेबल वाचायलाच हवं. 'कुठल्या दुधाचं' ही एक ओळ पुरेशी आहे.

शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक मुद्दा. पारंपरिक फेटात दूध विरजण्यासाठी कोकराच्या किंवा करडाच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट असेल तर पाकिटावर हिरवा ठिपका दिसेल.

फेटा नसेल तर पनीर चालेल का? चालेल, पण पनीरचा फेटा होत नाही हे आधीच मान्य केलेलं बरं. पनीर आंबट पदार्थाने दूध फाडून होतं, त्यात मीठ नसतं आणि ते मुरलेलंही नसतं. आदल्या दिवशी आठवण झाली तर दोन कप उकळून गार केलेल्या पाण्यात दोन मोठे चमचे मीठ आणि एक मोठा चमचा व्हिनेगर घालून त्यात २०० ग्रॅम पनीरचे तुकडे बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते खारट, आंबट आणि थोडं घट्ट झालेलं असतं. ऐन वेळी करायचं असेल तर पनीर हाताने कुस्करून त्याला मीठ, लिंबाचा रस आणि ओरेगॅनो चोळून दहा मिनिटं ठेवा. तेवढ्यात पानं चिरून होतात.

खरं तर मारुलोसालाता फेटाशिवायच केलं जातं. त्यामुळे चीझचं बजेट नसेल तर ते सोडून द्या, सॅलड अपुरं राहत नाही.

पैसे कशावर खर्च करायचे? तेलावर

या सॅलडमध्ये तेल शिजत नाही, लपत नाही. ते जसं असेल तसंच जिभेवर येतं. म्हणून बाकी कशातही काटकसर चालेल, इथे नको. बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' लिहिलेलं हवं. फळं केवळ यांत्रिक पद्धतीने, रसायनांशिवाय दाबून काढलेलं हे तेल. त्याची आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. चांगलं ताजं तेल प्यायल्यावर घशात हलकी मिरी लागल्यासारखी झणझण होते. तो दोष नाही, उलट खूण आहे.

दुकानात त्याच रांगेत 'पोमेस' असं लिहिलेली स्वस्त बाटली असते. तेल काढून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून द्रावकाच्या मदतीने जे निघतं ते हे. तळणीला ठीक, सॅलडला नाही. आणि 'लाइट' किंवा 'एक्स्ट्रा लाइट' लिहिलेलं तेल वजन कमी करणाऱ्यांसाठी असतं हा तर मोठाच गैरसमज. त्यात फक्त वास आणि चव हलकी असते, कॅलरी तेवढ्याच. एका मोठ्या चमच्यात साधारण १२०.

ऑलिव्ह तेल घरात नसेलच तर? घाण्यावरचं तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल वापरून सॅलड छान होतं. मात्र त्याला मग ग्रीक म्हणायचा आग्रह नको.

ओरेगॅनोचीही एक गंमत आहे. पिझ्झाबरोबर आलेली पाकिटं घराघरात डब्यात साठलेली असतात, ती इथे वापरावीशी वाटतात. पण त्यात निव्वळ ओरेगॅनो क्वचितच असतो. मीठ, मिरची, लसूण पावडर असं बरंच काही मिसळलेलं असतं. वापरायचंच असेल तर सॅलडमध्ये वेगळं मीठ घालू नका.

ऑलिव्ह घेताना कॅनमधल्या एकसारख्या काळ्या, गुळगुळीत चकत्या टाळता आल्या तर टाळा. त्या बहुतेकदा कच्च्या ऑलिव्हवर प्रक्रिया करून काळ्या केलेल्या असतात आणि चवीला मिळमिळीत लागतात. जांभळट, टोकदार 'कालामाता' ऑलिव्ह मिळाले तर उत्तम.

आधी धुणं, मग चिरणं

कच्ची पालेभाजी आणि कोबी यांच्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे: 'कोबीतली अळी मेंदूत जाते.' यात तथ्य किती?

कोबीवर दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची अळी. ती माणसाच्या पोटात जगत नाही आणि मेंदूत तर जातच नाही. पण मेसेजमागचा आजार खरा आहे. 'टीनिया सोलियम' नावाच्या फीतकृमीची अंडी, तो कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरचं शौच किंवा सांडपाणी यांमधून ती शेतात, तिथून पालेभाज्यांवर येऊ शकतात. ती गिळली गेली तर त्यातून निघालेल्या अळ्या रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतात आणि फिट्स येऊ शकतात. मांस न खाणाऱ्यांनाही हा आजार होतो तो याच वाटेने. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे अळी दिसली नाही म्हणून भाजी स्वच्छ, असं समजण्यात अर्थ नाही. टायफॉइड आणि काविळीचे जंतूही असेच अस्वच्छ पाण्यातून पानांवर येतात.

मग कच्चं सॅलड खायचंच नाही का? तसं नाही, पण धुणं मनापासून हवं. लेट्यूसचं मूळ कापून पानं सुटी करा, बाहेरची फाटकी पानं टाकून द्या. प्रत्येक पान वाहत्या, पिण्यायोग्य पाण्याखाली दोन्ही बाजूंनी बोटांनी चोळून धुवा. नंतर मोठ्या भांड्यात भरपूर पाणी घेऊन पानं त्यात हलवा आणि वर उचलून घ्या. भांडं चाळणीत उपडं करू नका, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलत राहा. शेपू आणि पात यांच्यातही माती दडलेली असते, पातीचं टोक उघडून धुवा.

मीठ-हळदीच्या पाण्यात भिजवल्याने अळ्या सुटतात, पण सगळे जंतू मरतात याची खात्री नाही. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड मुळीच वापरू नका, ते पानांच्या सुरकुत्यांमध्ये राहतं. आणि हो, धुण्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. गर्भवती महिला, केमोथेरपी सुरू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांनी कच्ची पानं टाळावीत. पावसाळ्यात इतरांनीही जपून. त्यांच्यासाठी एक अस्सल ग्रीक पर्याय शेवटी दिला आहे.

धुतलेली पानं कोरडी करणं हे काम कंटाळवाणं वाटतं, पण अर्धं सॅलड तिथेच जमतं किंवा बिघडतं. ओल्या पानावर तेल धरत नाही, घसरून तळाला जातं. स्वच्छ सुती पंचात पानं गुंडाळून हलकेच झटका, काम होतं.

कृती

तिघांसाठी रोमेन लेट्यूसचा एक मध्यम गड्डा लागेल, साधारण २०० ग्रॅम. शहरांतल्या मंडईत एक्झॉटिक भाज्यांच्या गाळ्यावर तो मिळतो. न मिळाल्यास आइसबर्ग घ्या, पण तो पाणीदार असतो, म्हणून लिंबू थोडं जास्त. सोबत पातीच्या तीन-चार काड्या, शेपूची कोवळी पानं दोन मोठे चमचे, एक लहान काकडी, अर्धी हिरवी ढोबळी मिरची, आठ-दहा ऑलिव्ह आणि ५० ग्रॅम फेटा. काकडीपासून पुढचं सगळं ऐच्छिक आहे. ते होर्यातिकीतून उसनं घेतलेलं आहे आणि हिरव्या रंगाला धक्का न लावता पोट भरतं.

शेपू पाहून नाक मुरडणारे घरोघरी असतात. भाजीत जो उग्र वास येतो तो शिजल्यावर आणि जुड्या भरून घातल्यावर. इथे दोन चमचे कच्ची, बारीक चिरलेली पानं आहेत, दांडे नाहीत. तेल-लिंबाबरोबर त्याला बडीशेपेसारखा मंद, थंड वास येतो.

आधी ड्रेसिंग. ग्रीक भाषेत त्याला 'लादोलेमोनो' म्हणतात, म्हणजे सरळ 'तेल-लिंबू'. झाकणाच्या छोट्या बरणीत तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, ताजी कुटलेली मिरी आणि अर्धा छोटा चमचा ओरेगॅनो तळहातावर चुरडून घाला. झाकण लावून अर्धं मिनिट जोरात हलवा. तेल आणि रस एकजीव होऊन मिश्रण दाटसर, पिवळट दिसू लागतं. थोड्या वेळाने ते पुन्हा वेगळं होतं, काळजी नको, वापरण्याआधी परत हलवा. आपलं कागदी लिंबू तीव्र असतं, म्हणून रस एकदम न ओतता चाखत घाला.

लेट्यूसची पानं एकावर एक ठेवून गुंडाळी करा आणि धारदार सुरीने अर्ध्या सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. रीलमध्ये दिसतात तसे मोठे तुकडे नकोत. बारीक पट्ट्यांमध्ये पात आणि शेपू नीट मिसळतात आणि प्रत्येक घासात सगळं येतं. काकडीच्या अर्धगोल चकत्या, मिरचीच्या पातळ चकत्या घाला. सगळं रुंद बोलमध्ये घेऊन हाताने खालीवर करा.

ड्रेसिंग घालायचं ते ताट वाढल्यावर, आधी नाही. मिठामुळे पानांतलं पाणी बाहेर येतं, म्हणूनच कोशिंबिरीला थोड्या वेळाने पाणी सुटतं. लेट्यूसची पानं तर काकडीहून नाजूक, दहा मिनिटांत मलूल होतात. आधी दोन तृतीयांश ड्रेसिंग घाला, हलवा, चाखा, मग लागलं तर उरलेलं. शेवटी ऑलिव्ह आणि वर फेटा. फेटाचे सुबक चौकोन करण्यापेक्षा तो बोटांनी मोठा-मोठा मोडलेला चांगला, खडबडीत कडांना तेल धरतं.

डब्यात न्यायचं असेल तर ड्रेसिंगची बरणी वेगळी न्या. ड्रेसिंग घातलेलं सॅलड दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. उन्हाळ्यात कापलेली पानं तासाभराहून जास्त फ्रिजबाहेर नकोत.

हे खरंच हेल्दी आहे का?

पानांमध्ये कॅलरी नगण्य, पण तेल आणि फेटा धरून वरच्या प्रमाणात माणशी पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी होतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पानांतलं 'के' जीवनसत्त्व आणि कॅरोटिनॉइड शरीरात नीट शोषली जायला स्निग्ध पदार्थ लागतोच. तेल काढून टाकलेलं 'डाएट' सॅलड म्हणूनच फसवं.

लक्ष ठेवायचं ते मिठावर. १०० ग्रॅम फेटात साधारण अडीच ते तीन ग्रॅम मीठ असतं आणि ऑलिव्हही खाऱ्या पाण्यातले. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. रक्तदाब असेल तर फेटा आणि ऑलिव्ह पाण्याने धुऊन घ्या आणि ड्रेसिंगमध्ये मीठ घालू नका.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी घेणाऱ्यांनी एकदम रोज मोठा बोल पालेभाज्या सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. 'के' जीवनसत्त्वाचं प्रमाण अचानक बदललं की या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो.

पावसाळ्यात काय? 'होर्ता'

ग्रीक खेड्यांमध्ये रानातली आणि परसातली पालेभाजी उकडून खायची जुनी रीत आहे. तिला 'होर्ता' म्हणतात. उन्हाळ्यात यासाठी 'व्लिता' नावाची भाजी वापरतात. ती राजगिऱ्याच्या कुळातली, म्हणजे आपल्या माठाची आणि तांदुळजाची सख्खी बहीण. आपण जी घोळाची आंबट भाजी करतो, तीही ग्रीसमध्ये 'ग्लिस्त्रीदा' नावाने सॅलडमध्ये घालतात.

माठ किंवा तांदुळजाची एक जुडी निवडून, वर सांगितल्याप्रमाणे धुऊन घ्या. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी खळाखळा उकळू द्या, आधी कोवळे दांडे टाका, दोन मिनिटांनी पानं. आणखी पाच-सहा मिनिटांत दांडा बोटाने दाबला जाईल इतका मऊ होतो. चाळणीत निथळून पाणी पूर्ण जाऊ द्या, पण पिळू नका. कोमट असतानाच ताटलीत पसरून तेच लादोलेमोनो वरून घाला. फोडणी नाही, लसूण नाही. पावाबरोबर किंवा भाकरीबरोबरही छान लागतं आणि झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून गारच खाता येतं.